मधुकरी आणि बळ

शाकाहारावर शरीर कमावता येते काय, हा प्रश्न आज वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक सदरांत विचारला जातो आणि त्याचे उत्तर प्रथिनांच्या तक्त्यात शोधले जाते. मराठी समाजात मात्र हा प्रश्न निदान शंभर-सव्वाशे वर्षे वेगळ्याच कारणांनी चर्चिला गेला आहे. तो कोणी विचारला, कोणाला उद्देशून विचारला आणि कोणाला तो कधीच पडला नाही, हे पाहिले तर त्याचे स्वरूप बदलते. नाशिक जिल्ह्यात या साऱ्या भूमिकांच्या खुणा एकमेकींपासून फार दूर नाहीत.

आरंभ टाकळीपासून करावा लागतो. नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमापाशी समर्थ रामदासांनी इ. स. १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे तपश्चर्या केली, असे चरित्रपरंपरा सांगते. पहाटे उठून नित्य बाराशे सूर्यनमस्कार, मग नदीच्या पात्रात उभे राहून जप, दुपारी पंचवटीत मधुकरी आणि नंतर श्रवण-अध्ययन, असा हा दिनक्रम. समर्थांच्या चरित्रांचा मोठा भाग त्यांच्या निर्वाणानंतर, म्हणजे शके १६०३ नंतर, लिहिला गेला आहे. तेव्हा बाराशे हा आकडा दैनंदिनीतील नोंदीसारखा वाचण्याचे कारण नाही. महत्त्वाचे आहे ते या कथेने मांडलेले समीकरण. बाराशे नमस्कार आणि घरोघर मागून आणलेली भिक्षा या दोन गोष्टी ती शेजारी ठेवते, आणि त्यांत विसंगती आहे असे सांगणाऱ्याला वा ऐकणाऱ्याला कधी वाटले नाही. बळाचा उगम ताटात आहे, असे ही परंपरा मानतच नाही. तो उपासनेत, नियमात आणि ब्रह्मचर्यात आहे, असे ती मानते. समर्थांचे भीमरूपी स्तोत्र हे शरीरसामर्थ्याचे मराठीतील बहुधा सर्वांत लोकप्रिय काव्य असेल, पण त्याचा नायक उपासक आहे हे विसरून चालत नाही.

जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनंतर हेच समीकरण दुसऱ्या एका कथेत दिसते. निफाड तालुक्यातील कोठुऱ्याचे बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला असलेले व्यायामगुरू आणि आजच्या मल्लखांबविद्येचे प्रवर्तक. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या नामांकित पहिलवानांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिले. कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते स्वीकारले, वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर उपासना केली आणि मारुतीने दृष्टान्त देऊन त्यांना लाकडी खांबावरचे डाव शिकवले, अशी ही आख्यायिका. येथेही कथेचे सारे वजन उपासनेवर आणि कौशल्यावर आहे. खांबावरचा व्यायाम हा मुळी वजनापेक्षा चपळाईचा, पकडीचा आणि तोलाचा. भिक्षुकी घराण्यातील मुलगा दरबारी मल्लाला भारी ठरतो, या कल्पनेत ऐकणाऱ्यांना जो आनंद वाटला, त्याला सामाजिक बाजूही आहे.

कारण दरबारी मल्लाची परंपरा वेगळी होती, आणि ती जुनीही होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लांचे प्रकार, त्यांचा व्यायाम आणि त्यांचा आहार यांची चर्चा आहे. राजाने त्यांना पुरवायच्या अन्नात कडधान्ये, दूध आणि गोडधोड यांच्याबरोबर मांसही येते. पुढे मराठी तालमींत 'खुराक' हा शब्द रूढ झाला. दूध, तूप, बदाम, थंडाई हे त्याचे सर्वमान्य घटक. मटण कोणी खाल्ले, कोणी वर्ज्य केले. तालमीतला मारुती दोघांचाही. म्हणजे आखाड्याच्या आत शाकाहार-मांसाहार हा वाद फारसा तीव्र नव्हता. खुराक कोण पुरवणार, हा तेथला खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर संस्थानिक, सरदार किंवा गावातील धनिक हे असे.

वादाला धार आली ती इंग्रजी राज्यात. १८५७ नंतर लष्करभरतीत 'लढवय्या जमाती' हे तत्त्व रुजले आणि अमुक जाती शूर, अमुक दुबळ्या, अशी वर्गवारी शासकीय ज्ञान म्हणून मिरवू लागली. दुबळेपणाचे एक कारण आहारात शोधले गेले. हा आरोप शिकलेल्या वर्गाच्या जिव्हारी लागला. महात्मा गांधींच्या आत्मकथेत मित्राच्या आग्रहाने चोरून मांस खाण्याचा जो प्रसंग आहे, त्यामागे हेच तर्कशास्त्र आहे: इंग्रज मांस खातो म्हणून राज्य करतो. गुजराती कवी नर्मद याच्या पद्यातून ही कल्पना शाळकरी मुलांच्या ओठांवर पोहोचली होती, असे गांधीजी नोंदवतात. महाराष्ट्रात टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून व्यायामाला वाहिले, त्यामागेही दुर्बल देहाची हीच बोच होती.

या आरोपाला दोन उत्तरे दिली गेली. पहिले डॉ. बा. शि. मुंजे यांचे. बोअर युद्धात वैद्यकीय पथकात काम केलेले, शिकारीचे शौकीन असलेले मुंजे ब्राह्मण असूनही मांस वर्ज्य मानत नसत. अहिंसेच्या संस्काराने हिंदू समाज निर्बल झाला, अशी त्यांची धारणा होती. १९३७ मध्ये त्यांनी भोसला मिलिटरी स्कूल स्थापन केले ते नाशिकातच. दुसरे उत्तर औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे. त्यांनी सूर्यनमस्कारांना उपासनेतून उचलून सार्वत्रिक व्यायामपद्धतीचे रूप दिले आणि १९२८ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. एकाने आहार बदलावा म्हटले, दुसऱ्याने व्यायाम नियमित करावा म्हटले. परंतु आपला देह दुबळा आहे, हे शासकांचे निदान दोघांनीही मनोमन स्वीकारले होते. टाकळीच्या कथेत अशी चिंता कोठेही नाही.

त्याच सुमारास प्रयोगशाळेनेही आपले मत दिले. १९२० च्या दशकात कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी उंदरांच्या गटांना हिंदुस्थानातील निरनिराळ्या समाजांचे आहार दिले. सर्वांत चांगली वाढ शीख आहारावर झाली. त्यानंतर पठाण, मग मराठा, आणि सर्वांत शेवटी मद्रासी. पठाणी आहारात मांस अधिक असूनही शीख आहार पुढे राहिला. त्यात गव्हाच्या पोळ्या, डाळ, भाजी आणि भरपूर दूधदुभते होते, मांस अधूनमधूनच. आजचे पोषणशास्त्र याला पुस्ती जोडते. तृणधान्यांत लायसीन कमी, कडधान्यांत मेथिओनिन कमी, म्हणून भाकरी आणि डाळ एकमेकींची उणीव भरून काढतात. ब-१२ हे जीवनसत्त्व मात्र वनस्पतींत नाही. ते शाकाहारी माणसाला मुख्यतः दुधातूनच मिळते. तेव्हा शाकाहारावर बळ टिकते, हे खरे. पण त्या शाकाहारात डाळ आणि दूध यांना पुरेशी जागा हवी.

येथे प्रश्न पुन्हा इतिहासाकडे वळतो, कारण दूध सर्वांच्या ताटात कधीच नव्हते. पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या डोंगराळ भागात नागलीची भाकरी, उडीद, हुलगे आणि रानभाज्या यांवर पिढ्यान्‌पिढ्या कष्टाची कामे झाली. मांस-मासळी मिळेल तेव्हा खाल्ली जाई, पण बहुतेक दिवस ताट शाकाहारीच असे. ते व्रत नव्हते, तो अभाव होता. दलित आत्मकथनांतील भूक या संदर्भात वाचली पाहिजे. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) असो वा शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५), अन्नाची निवड करण्याचा अधिकार हाच मुळी काहींच्या वाट्याला आलेला होता, हे ही पुस्तके विसरू देत नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाड येथे मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. तोही आहारातील बदलच होता, पण त्याचा हेतू स्वाभिमान हा होता, दंडबेटकुळ्या नव्हे.

आणि या दोहोंहून निराळा तिसरा शाकाहार आहे तो वारकऱ्यांचा. गळ्यात तुळशीची माळ घालून मांस सोडणारा हा माणूस बहुधा शेतकरी किंवा कारागीर. त्याचा शाकाहार जन्माने आलेला नसतो, त्याने तो पत्करलेला असतो, आणि माळ घातल्याने नांगर, मोट वा ऐरण सुटत नाही. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात निघते आणि सिन्नर, अहिल्यानगरमार्गे चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर पायी तोडून आषाढीला पंढरपुरी पोहोचते. दिंडीच्या पंगतीत भाकरी, पिठले, आमटी, भात. साठी उलटलेली माणसे आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया हे अंतर चालतात. शाकाहाराने शरीर दुबळे होते काय, हा प्रश्न या परंपरेच्या साहित्यात चिंतेचा विषय म्हणून येत नाही, कारण श्रम हा तेथे रोजच्या जगण्याचाच भाग आहे.

यावरून एक निष्कर्ष काढावासा वाटतो. शाकाहारी बळाची चिंता ही मुख्यतः त्या वर्गाची होती, ज्याच्या रोजच्या जगण्यातून अंगमेहनत वजा झाली होती आणि म्हणून ज्याला ती 'व्यायाम' या नावाने परत आणावी लागली. मुंजे आणि पंतप्रतिनिधी यांचा वाद त्या वर्गाच्या घरातला होता. त्याचे महत्त्व कमी नाही. मात्र तो सगळ्या मराठी समाजाचा वाद म्हणून शिकवला जाऊ नये. टाकळीची कथा वर्गात सांगताना बाराशे या आकड्याइतकेच मधुकरीकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. ती भाकरी पंचवटीतल्या कोणत्या तरी घरात थापली गेली होती आणि तिचे धान्य कोणी तरी पिकवले होते. त्या पिकवणाऱ्याच्या बळाविषयी समर्थचरित्रे काही सांगत नाहीत. त्यासाठी दुसरी पुस्तके उघडावी लागतात.