आविष्कार : वाड्याची गोष्ट पुरती सांगणारी संस्था

‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतून बाहेर पडलेल्या रंगकर्मींनी १९७१ साली मुंबईत ‘आविष्कार’ची स्थापना केली. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे हे तिचे आधारस्तंभ. विजय तेंडुलकरही सोबत होते. गाठीशी पैसा नव्हता, हक्काचे नाट्यगृह तर नव्हतेच. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले. प्रेक्षक नटांच्या इतके जवळ बसत की हळू आवाजातले बोलणेही त्यांच्यापर्यंत पोहोचे. घरातली खरी भांडणे बहुधा त्याच आवाजात होतात. आविष्कारबरोबर इतर संस्थाही तिथे आल्या आणि ‘छबिलदास चळवळ’ हे नाव रूढ झाले.

१९८७ च्या आरंभी अरविंद देशपांडे गेले. पुढे छबिलदासची जागाही सुटली आणि संस्थेला माहीमच्या महापालिका शाळेत बिऱ्हाड हलवावे लागले. मोठा घाट घालावा असे ते दिवस नव्हते. आविष्कारने नेमका तेव्हाच तो घातला, एका वाड्याची पुरती गोष्ट सांगण्याचा.

महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ साली ‘कलावैभव’ने विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले होते. विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांच्या घरातले कर्ते तात्याजी वारले आहेत. तेराव्यासाठी मुंबईहून त्यांचा मुलगा सुधीर आला आहे. खर्च कोणी करायचा, दागिने कोणाच्या वाट्याचे, वहिनीच्या हाती काय राहिले, बहीण प्रभाचे शिक्षण का अडवले? इथे कोणी खलनायक नाही. थोरल्या भास्करचा दरारा पोकळ आहे आणि ते सर्वांना ठाऊक आहे. अंगणात ट्रॅक्टर गंजतो आहे. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे, म्हणूनच तंटा मिटत नाही.

‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या पुढच्या नाटकांत हेच घराणे पुढच्या पिढीपर्यंत जाते. ही तिन्ही नाटके सलग करायची, तर आठ-नऊ तास हवेत. व्यावसायिक रंगभूमीच्या अडीच-तीन तासांत हे बसणारे नव्हते. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली आविष्कारने ही त्रिनाट्यधारा सादर केली. नट, तंत्रज्ञ, पडद्यामागे राबणारे हात, सगळ्यांनीच दिवसचे दिवस दिले. प्रेक्षकानेही आपला दिवस दिला, याचीही नोंद व्हायला हवी.

सुलभाताई २०१६ साली गेल्या. काकडेकाकांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये निरोप घेतला. २०२१ साली संस्थेच्या स्थापनेला पन्नास वर्षे पूर्ण झाली.