लॉरेन्स, ब्रदर

(सु. १६१४ – १२ फेब्रुवारी १६९१). पॅरिसच्या कार्मेलाइट मठातील फ्रेंच धर्मबंधू. रोजच्या कामात पवित्रता कशी साधावी, हा विषय निघाला की ख्रिस्ती मंडळींत त्यांचे नाव हमखास घेतले जाते. वास्तविक पुस्तक म्हणून त्यांनी काहीच लिहिले नाही. मूळ नाव नीकोला एर्मां. जन्म लॉरेन प्रांतात, ल्युनेव्हीलजवळच्या एरिमेनील या खेड्यात. शिक्षण बेताचेच. तीस वर्षांच्या युद्धात ते सैनिक होते. एकदा जर्मन सैनिकांनी हेर समजून त्यांना पकडले आणि फाशीची धमकी दिली. त्यातून सुटले, पण पुढे झालेल्या जखमेने ते कायमचे लंगडे झाले. मग एका खजिनदाराकडे हुजऱ्याची नोकरी. आपण धांदरट होतो, हाताला लागेल ते फोडत होतो, असे ते स्वतःच सांगत.

वयाच्या अठराव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, त्यांनी एक निष्पर्ण झाड पाहिले. थोड्या दिवसांत याला पालवी फुटेल, मग फुले येतील, फळे धरतील, हा विचार मनात आला आणि ईश्वराच्या सामर्थ्याची झालेली जाणीव पुढे कधी ओसरली नाही. मठात मात्र ते १६४० मध्ये आले. व्होजिरार रस्त्यावरच्या या मठात पुरोहितदीक्षा न घेतलेल्या बंधूंकडे अंगमेहनतीची कामे असत. लॉरेन्स यांच्या वाट्याला स्वयंपाकघर आले.

त्यांना स्वयंपाकाची आवड होती, असे समजणे चुकीचे ठरेल. ते काम त्यांना मुळीच रुचत नसे, आणि तेच त्यांनी सुमारे पंधरा वर्षे केले. कढईतले ऑम्लेट उलटायचे तेही ईश्वराच्या प्रेमाखातर. ते झाले आणि हातात दुसरे काम नसले, की जमिनीवर डोके टेकून नमन करायचे. खाली पडलेली काडी उचलतानाही हेतू तोच. एकदा मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला त्यांना बर्गंडीला धाडले. व्यवहारात डोके चालत नव्हते आणि पाय साथ देत नव्हता. नावेत पुढे सरकायचे तर पिंपांवरून लोळतच जावे लागे. हे तुझेच काम आहे, एवढे ईश्वराला सांगून ते निघाले आणि काम नीट पार पडले, अशी त्यांची आठवण आहे. उतारवयात पाय फारच दुखू लागला, तेव्हा त्यांना बसून करण्याचे, चपला सांधण्याचे काम मिळाले.

त्यांच्या साधनेला ‘ईश्वराच्या सान्निध्याचा सराव’ म्हणतात. मराठी वाचकाला इथे नामजप आठवेल. पण यात ठरावीक शब्द नाहीत आणि मोजदादही नाही. ईश्वर इथे आहे असे मानून, हातातले काम न सोडता, त्याच्याशी साध्या शब्दांत बोलत राहायचे, इतकेच. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्यांना फरक वाटत नसे. काम बदलण्याची गरज नाही, ते कोणासाठी करतो हे बदलावे, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होय. चूक झाली तर ती कबूल करावी, तू सोडलेस तर माझ्या हातून असेच होणार असे ईश्वराला सांगावे आणि पुन्हा कामाला लागावे. खंत करत बसू नये. हे सारे वाचायला सोपे वाटते. त्यांना स्वतःला मात्र ते सहज साधले नव्हते: पहिली दहा वर्षे आपल्या पापांच्या धास्तीत गेली, असे ते सांगत.

जोसेफ द बोफोर या धर्मगुरूंनी ३ ऑगस्ट १६६६ रोजी त्यांची पहिली भेट घेतली. अशा चार संवादांची टिपणे, पत्रे आणि काही वचने त्यांनी लॉरेन्स यांच्या मृत्यूनंतर १६९२ व १६९४ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे फ्रान्समध्ये निवृत्तिपर अध्यात्माचा, म्हणजे स्वतःची धडपड सोडून ईश्वरापुढे शांत राहण्यावर भर देणाऱ्या पंथाचा, वाद पेटला, तेव्हा आर्चबिशप फेनेलॉन यांनी आपल्या बाजूने लॉरेन्स यांचा दाखला दिला. १६९९ मध्ये रोमने फेनेलॉन यांच्या ग्रंथातील मतांचा निषेध केला, आणि कॅथलिक वर्तुळात लॉरेन्सही मागे पडले. उलट प्रॉटेस्टंटांनी त्यांना उचलून धरले. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी आपल्या ‘ख्रिश्चन लायब्ररी’ या ग्रंथमालेत त्यांचे उतारे घेतले. रोमन चर्चने लॉरेन्स यांना संतपद दिलेले नाही.