श्रीमंत घराण्यांच्या कथा आणि श्रीवर्धनचा जमाखर्च

श्रीमंत घराण्यांतील प्रेम, विवाह आणि वारसा यांभोवती गुंफलेल्या हलक्याफुलक्या कादंबरीची मराठी वाचकाला असलेली ओढ जुनी आहे. तिची सुरुवात लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांपाशी, म्हणजे अपार वैभव आणि आश्चर्यकारक योगायोग यांवर उभ्या राहिलेल्या कथांपाशी सापडते. रिसबुडांनी प्रस्तावनेत आपली बाजू प्रांजळपणे मांडली होती. आपल्या समाजातील विवाहाच्या चालीरीती आणि एकंदर आयुष्यक्रम पाहता त्यात मनोरंजक असे फारसे काही घडत नाही, म्हणून लेखकाला अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. या कथांना मिळालेल्या चिकित्सक प्रतिसादांत काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ (१८७२) महत्त्वाचा ठरतो, कारण त्यांनी कथेतील घटना संभवनीय आहेत की नाहीत, हा प्रश्न लावून धरला.

रिसबुडांचे गृहीतक मात्र कोकणच्या इतिहासाशी ताडून पाहण्यासारखे आहे, आणि त्यासाठी श्रीवर्धनइतके योग्य गाव क्वचितच सापडेल. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखालील या गावात भट घराण्याकडे देशमुखी होती. देशमुखी म्हणजे परगण्याच्या महसूलवसुलीची वंशपरंपरागत जबाबदारी आणि तिच्या मोबदल्यात मिळणारे हक्क. सिद्दी आणि कान्होजी आंग्रे यांच्या वैरात या घराण्यावर सिद्दीची वक्रदृष्टी वळल्याने बाळाजी विश्वनाथ यांना वतन मागे टाकून बाणकोटची खाडी ओलांडावी लागली, पलीकडच्या वेळासच्या भानू घराण्याशी त्यांचा स्नेह जुळला, आणि १७१३ साली शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिले. पुढे त्याच भानू घराण्यात नाना फडणवीस झाले. हा सारा घटनाक्रम पाहिल्यावर, आपल्याकडे मनोरंजक काही घडतच नाही, हे रिसबुडांचे म्हणणे टिकत नाही. उणीव अनुभवाची नव्हती; घराण्याचे वैभव कोठून आले आणि कशावर टिकले, हे सांगण्याची सवय तेवढी कथेला लागलेली नव्हती.

ही सवय कागदपत्रांना होती. थोरल्या बाजीरावांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याने गांजलेला कर्ता पुरुष दिसतो, आणि ज्यांच्यापुढे तो मन मोकळे करतो ते स्वामी गुरूही आहेत व धनकोही, म्हणजे कर्ज देणारेही. उत्तरेत फौजा नेणाऱ्या घराण्याची ही ओढाताण कोणत्याही कल्पित संकटापेक्षा वाचकाला अधिक खिळवून ठेवते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध करणाऱ्या वि. का. राजवाडे यांनीच १९०२ साली ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला, हा योग म्हणूनच लक्षणीय आहे; जुने दस्तऐवज चाळणारा हा संशोधक कादंबरीचाही गंभीर वाचक होता.

पुढे ना. सी. फडके यांनी ‘जादूगार’ आणि ‘दौलत’ या कादंबऱ्यांनी सुशिक्षित, सुखवस्तू नायक-नायिकांचे जग उभे केले. कलेने आनंद द्यावा, या त्यांच्या भूमिकेवर आणि वि. स. खांडेकर यांच्या जीवनवादी भूमिकेवर दीर्घ वाद झाला. त्या वादात फडक्यांच्या वाचकाला भाबडे ठरविण्याची जी घाई झाली, ती अन्यायाची होती. दिवसभराच्या कामानंतर नीटनेटकी, खेळकर कथा वाचावीशी वाटणे यात गैर काही नाही. तरीही त्या कथांतील दिवाणखान्यामागे उत्पन्नाचे साधन अंधुकच राहते, हा आक्षेप उरतोच.

श्रीवर्धनमध्ये ते साधन अंधुक राहूच शकत नाही, कारण ते घराच्या मागच्या दारीच उभे असते. येथील रोठा सुपारी नावाजलेली आहे आणि तिच्यावर काम करणारे सुपारी संशोधन केंद्रही गावात आहे. पोफळीच्या वाडीला उन्हाळाभर पाणी द्यावे लागते, ते पूर्वी विहिरीवरच्या रहाटाने काढून पाटाने खेळवत. पाडप करणारा गडी एका पोफळीचा शेंडा झुकवून तिथूनच दुसरीवर जातो, आणि उतरवलेली फळे कित्येक दिवस उन्हात वाळवून मग सोलली जातात. ही मेहनत अनेकदा गड्यांची आणि सोलणाऱ्या बायकांची, तर मालकी वाडीवाल्याची असे, त्यामुळे घराण्याची कथा गड्याच्या मजुरीपर्यंत नेल्याशिवाय पुरी होत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा नव्याने लावलेली पोफळ फळ धरेपर्यंत लागणारी वर्षे मालकाला आणि गड्यालाही काढावी लागणार होती, मात्र दोघांकडची शिल्लक सारखी नव्हती.