हाली शिक्क्याची पारख



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, ते इतिहासाचे शिक्षक होते. मी जन्मभर भाषा शिकविली. तेव्हा दोन्ही विषयांना जवळचा असा एक विषय मी निवडला आहे. आपल्या हैदराबादच्या टांकसाळीतून निघालेला चांदीचा रुपया विकत घेण्यापूर्वी कसा पाहावा, हा तो विषय. विषय थोडा बाजारी वाटेल. परंतु सामान्य माणसाला पदरच्या पैशाने घरी आणता येईल असे इतिहासाचे साधन नाण्याखेरीज फारसे नाही. आणि जेथे खरेदी आहे तेथे फसवणूकही आहे.

मराठी भाषेवर सराफकट्ट्याचे फार ऋण आहे. आपण 'खणखणीत' बोलतो, माणूस 'पारखून' घेतो, घराण्याच्या नावाला 'बट्टा' लागू देत नाही. बट्टा म्हणजे एक नाणे देऊन दुसरे घेताना द्यावी लागणारी तूट. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना रुपये चालत. म्हणून सरकारात नाणी पारखून घेणारा पोतदार असे. मात्र पोतदाराचा प्रश्न एकच होता: यात चांदी किती? झीज त्याच्या लेखी निव्वळ तोटा होता. आजच्या संग्राहकाचा प्रश्न निराळा आहे. टांकसाळीने या चांदीवर जे उमटविले, त्यातले आज किती उरले आहे? शब्द तोच, 'पारख'. पण डोळा वेगळा लागतो.

'हाली' म्हणजे सध्या चालू असलेला. १८५७ च्या उठावापर्यंत येथील रुपयावर दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. ती बादशाही संपल्यावर आसफजाहचे नाव आले आणि सोबत ९२ हा आकडा. अक्षरांची किंमत मांडण्याच्या अरबी पद्धतीने 'मुहम्मद' या नावाची बेरीज ९२ होते. हे जुने रुपये हातोड्याने पाडलेले. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे निम्मा मजकूर चकतीबाहेरच राही. नवशिका त्याला झीज समजतो. ती झीज नव्हे. झिजलेला भाग गुळगुळीत असतो, तर ठसा न पोहोचलेल्या जागी चकतीचा मूळचा खरबरीतपणा शिल्लक असतो. बोटाने नव्हे, भिंगाने पाहावे.

१९०३ मध्ये सैफाबादेत यंत्रांची नवी टांकसाळ सुरू झाली आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकीर्दीत रुपयावर चारमिनार आला. त्याच्या मधल्या कमानीत महबूबांचा 'मीम'. १९११ नंतर सातवे निजाम उस्मान अली खान यांचा 'ऐन'. या रुपयाचे वजन ११.१७८ ग्रॅम, त्यात चांदी ८१.८ टक्के. इंग्रजांच्या कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी १९३९ पर्यंत सुमारे ९१.७ टक्के. म्हणून सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा साधारण भाव असे. मराठवाड्याचे पाच जिल्हे तेव्हा याच संस्थानात होते; तेथून सोलापुरास जाणाऱ्या आमच्या वाडवडिलांना हा हिशेब तोंडपाठ असे.

आता रुपया हातात घेऊ. प्रथम वजन. झिजलेला रुपया थोडा हलका भरेल, त्यात गैर नाही. पण कोराकरकरीत दिसणारा रुपया हलका भरला, तर संशय घ्यावा. पुढची परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत होण्याजोगी आहे. रुपया दोऱ्याने टांगून पाण्यात तोलला की वजन सुमारे १.१ ग्रॅमने घटते. पितळेच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या तितक्याच वजनाच्या नकलेचे याहून अधिक घटेल. लोहचुंबकावर विसंबू नये, कारण पितळही त्याला चिकटत नाही.

मग सन वाचावा. फारसी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका. दहा आकडे एका संध्याकाळी पाठ होतात. एका बाजूस हिजरी सन, दुसऱ्या बाजूस राज्यारोहणापासूनचे, म्हणजे जुलूसचे वर्ष. उस्मान अली खान हिजरी १३२९ मध्ये गादीवर आले. म्हणजे १३३७ च्या रुपयावर जुलूसचे वर्ष आठवे किंवा नववे हवे. तेथे पंचवीस दिसले, तर नाणे करणाऱ्याला इतिहास येत नव्हता असे समजावे.

कडा फिरवून पाहावी. पुष्कळ रुपयांना कडी लावून गळ्यातल्या माळा केल्या होत्या. कडी काढून टाकली तरी डाखाचा डाग राहतो, आणि तो घासून लपविलेला असतो. असे नाणे खरे असते, पण त्याची किंमत फार उतरते.

राहिली प्रत. दुकानदार 'फाइन', 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रीमली फाइन' ही इंग्रजी पायरी सांगतात. भाषेचा शिक्षक म्हणून सावध करतो: येथे 'फाइन' म्हणजे सुंदर नव्हे. 'फाइन' रुपया बराच झिजलेला असतो. चारमिनारच्या मिनारांवरील आणि कमानीवरील बारीक रेषा किती टिकल्या, हे पाहून प्रत ठरवावी.

आणि चकाकीला भुलू नये. येथे माझीच फजिती सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी जुन्या शहरातल्या एका दुकानातून मी उस्मान अलींचा एक रुपया घेतला. 'टांकसाळीतून आल्यासारखा' असे दुकानदार म्हणाला आणि मी मागितले तेवढे पैसे मोजले. घरी दिव्याखाली भिंग धरले, तेव्हा सबंध पृष्ठभागावर केसासारख्या रेघा दिसल्या. टांकसाळीची मूळची झळाळी नाणे कलते करताच चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. ही चमक जागची हलेना. मला राग आला तो दुकानदाराचा कमी, स्वतःचाच अधिक. कारण त्या रेघा मी ओळखायला हव्या होत्या. लहानपणी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आजीचे रुपये चिंच आणि राख लावून घासण्याचे काम माझ्याकडेच असे. रुपये काळे पडतात ते हवेतल्या गंधकाने. तो थर घालविताना मी दर वर्षी चांदीचीही साल काढीत होतो. आजी शाबासकी देई. देवापुढे मांडायचे रुपये उजळ असावेत, ही तिची दृष्टी होती आणि ती चुकीची म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण त्या रुपयांवरचा चारमिनार मी पुसला, हेही खरे.

खरेदीची पावती घ्यावी. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते परदेशी नेता येत नाही. टांकसाळ १९९७ मध्ये चर्लापल्लीला गेली. सैफाबादच्या जुन्या इमारतीत २०२२ साली संग्रहालय उघडले. दुकानात जाण्यापूर्वी तेथे दोन तास घालवावेत.

आजीच्या रुपयांपैकी एक धान्याच्या कोठीमागे पडून राहिला होता, म्हणून माझ्या हातून वाचला. काळाकुट्ट आहे, पण कमानीतला 'ऐन' अजून स्पष्ट दिसतो. तो आज सोबत आणला आहे. व्याख्यानानंतर मुलांनी रांगेने येऊन पाहावा. कडेने धरावा, आणि कोणीही रुमालाने पुसू नये.