नाव सांगा, बाई

मतदान अधिकारी म्हणून शाळेच्या खोलीत बसून यादीतलं नाव मोठ्यानं पुकारताना मला दर वेळी १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवे. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. मतपत्रिकेवर खूण करायचीच नाही. आपल्या चिन्हाच्या पेटीत ती टाकायची. अक्षरओळख नसलेल्यांसाठी केवढा विचार! विक्रोळीत गोदरेजनं अशा लाखो पोलादी पेट्या घडवल्या.

याद्यांचं काम मात्र अवघड गेलं. उत्तरेकडे कित्येक बायका स्वतःचं नावच सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी नाकारल्या. निर्णय कठोर होता, पण मला तो योग्यच वाटतो. सुमारे २८ लाख स्त्रिया त्या वेळी यादीबाहेर राहिल्या.