उपवासाच्या ताटातला पाहुणा



मी सातवी शिकलेली गृहिणी. लिहिण्याचा सराव नाही. तरी आपल्या स्मरणिकेसाठी हे चार शब्द. चूकभूल द्यावी घ्यावी.

मागील वर्षी आपली सहल महाबळेश्वरी गेली होती. तेथील बाजारात आलूचा ढीग पाहून मी दुकानदारास विचारले, "एवढ्या उंचावर ही शेती प्रथम केली कुणी?" तो म्हणाला, "चिनी कैद्यांनी!" मला थट्टाच वाटली. घरी आल्यावर मुलीने साताऱ्याचे जुने गॅझेटियर वाचून दाखविले, तेव्हा पटले.

महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फूट उंच. पावसाचा मारा भारी. तेथील डोंगरी लोक उतारावर नाचणी व वरी पिकवीत. वरी म्हणजेच आपली भगर. 1829 साली इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेऊन हवा खाण्याचे ठिकाण वसविले. 1834 च्या सुमारास तेथे तुरुंग झाला. त्यात समुद्रापलीकडून आणलेले चिनी व मलायी कैदी ठेवीत. त्यांनी रस्ते केले, बागा केल्या. आलू आणि विलायती भाज्या पिकविल्या. थंड हवेत आलू चांगला पोसतो. 1864 मध्ये तुरुंग मोडला, तरी काही कैदी सुटल्यावर तेथेच भाजीपाला लावून राहिले. महाबळेश्वरचा आलू पुढे मुंबईपर्यंत नावाजला.

आलू मूळचा दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतला. पुण्यामुंबईकडचा 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला. मिरची आणि भुईमूगही तिकडचेच. म्हणजे एकादशीच्या ताटात भगर तेवढी जुनी. आलू, मिरची, शेंगदाणे सारे पाहुणे! विठोबाने मात्र कुणालाच परत धाडले नाही.

येथे एक कबुली देते. आपल्या सावंगीत वैद्यकीय महाविद्यालय झाल्यापासून परप्रांतीची कुटुंबे राहावयास येतात. माझ्या शेजारीही एक बाई भाड्याने राहते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिला बोलाविले नाही. 'तिला आपल्या रीती काय कळणार?' असे म्हणाले. मुलगी ते वाचून दाखवीत होती तेव्हा मी आलूच सोलत होते. संक्रांत आठवली आणि मान खाली गेली.

आषाढीला मी तिला फराळाला बोलाविले. ताट पाहून ती म्हणाली, "दीदी, आमच्याकडेही उपवासाला आलूच चालतो."

भगिनींनो, त्या कैद्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. त्यांच्या हातचे पीक मात्र आपण देवापुढे ठेवतो. येत्या संक्रांतीला आपापल्या शेजारचे दार विसरू नये, इतकेच मागणे.