सांबऱ्याची धावपट्टी आणि आपले येणे-जाणे

गणपती जवळ आले की बेळगावातल्या घराघरांत एकच चौकशी सुरू होते: पुण्याची मुले कधी पोहोचणार, मुंबईची कशाने येणार? आमच्या आजोबांच्या काळी उत्तर ठरलेले असे. मिरजेपर्यंत मोठी गाडी, तिथे सामान उतरवून छोट्या रुळांची गाडी. पुढे रातराणी आली. गेल्या काही वर्षांत या चौकशीत सांबऱ्याचेही नाव येऊ लागले. म्हणून यंदाच्या अंकात या धावपट्टीची कहाणी सांगावीशी वाटली.

शहराच्या पूर्वेस दहाएक किलोमीटरवर असलेला हा तळ १९४२ साली ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने दुसऱ्या महायुद्धासाठी बांधला. तेव्हा तिथे वैमानिकी प्रशिक्षण चाले. स्वातंत्र्यानंतर तो भारतीय हवाई दलाकडे आला. दलात नव्याने भरती होणाऱ्या जवानांचे प्रशिक्षण आजही तिथेच होते. १९६१च्या डिसेंबरात गोवामुक्तीची कारवाई सुरू झाली, तेव्हा पुण्याबरोबर सांबरा हाही हवाई दलाचा तळ होता. १८ डिसेंबरला बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला करणारी हंटर विमाने इथूनच उडाली. गोव्याच्या सत्याग्रहींना आसरा देणाऱ्या या शहराला त्या आवाजाचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल.

नागरी विमानसेवेचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. कंपन्या आल्या, थोडे दिवस राहिल्या आणि गेल्या. धावपट्टी आखूड असल्याने मोठी विमाने उतरत नसत आणि लहान विमानांवर कंपन्यांचा हिशेब जुळत नसे. अखेर धावपट्टी १,८३० मीटरवरून २,३०० मीटर झाली आणि १४ सप्टेंबर २०१७ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. आता एअरबस आणि बोइंग उतरू शकत होती. आम्हाला वाटले, दुखणे संपले.

पण २०१८च्या उन्हाळ्यातच इथली बरीचशी विमाने हुबळीकडे वळली. त्याचे कारण 'उडान' योजनेत होते. २०१६ साली जाहीर झालेल्या या योजनेत कंपन्या ठरावीक मार्गांसाठी बोली लावतात. विमानातल्या सुमारे निम्म्या आसनांचे भाडे सरकारी मर्यादेत ठेवायचे आणि त्यामुळे येणारी तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यायची, अशी तिची रचना आहे. शिवाय तेवढा काळ त्या मार्गावर त्याच कंपनीचा हक्क राहतो. हुबळी या योजनेत आधी आली आणि बेळगाव बाहेर राहिले. धावपट्टी आमची लांब झाली खरी, पण फायद्याचा हिशेब शेजाऱ्याकडे होता. शहरातले व्यापारी, उद्योजक आणि नागरिक तेव्हा एकत्र आले, निवेदने गेली, पाठपुरावा झाला. जानेवारी २०१९मध्ये योजनेच्या तिसऱ्या फेरीत बेळगावला दहाहून अधिक मार्ग मिळाले.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे नवलाची होती. मुंबई, पुणे, अहमदाबाद, हैदराबाद, तिरुपती, सुरत अशी नावे सांबऱ्याच्या फलकावर दिसू लागली. कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरने पन्नास आसनांची विमाने आणली. जानेवारी २०२०मध्ये तर बेळगावहून थेट इंदूरला विमान गेले. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी, महाराष्ट्राच्या सीमेबाहेरची ही दोन शहरे! सामानात कुंद्याचा डबा घेऊन दुपारच्या चहाला इंदूरच्या नातलगांकडे पोहोचता येईल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

मग तीन-तीन वर्षांची मुदत एकेका मार्गाची संपत गेली. काही मार्ग टिकले, काही गळाले. हे आपल्याकडेच झाले असे नाही. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१मध्ये मोठ्या थाटात सुरू झाला. तिथली मुंबईची सेवाही योजनेची तीन वर्षे भरल्यावर, २०२४मध्ये थांबली. अनुदान रोप लावून देते, रोज पाणी घालणे प्रवाशांच्या हाती असते.

आपल्याकडे हे पाणी फार ठिकाणी वाटले जाते. हुबळी, कोल्हापूर आणि २०२३पासून गोव्याचा मोपा, तिन्ही विमानतळ दोन-तीन तासांच्या वाटेवर आहेत. तिकीट हजार रुपयांनी स्वस्त दिसले की आपणच गाडी काढून मोप्याला जातो. पुण्याला आता वंदे भारतही आहे, तेव्हा तिथे विमानाला रेल्वेशी झुंजावे लागेल. पण रेल्वेने दिवस मोडतो अशा दूरच्या गावांचे गणित वेगळे आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये इंडिगोचे दिल्लीचे विमान सुरू झाले, ते याच हिशेबावर. फाउंड्रीवाले, हत्तरगीतले विमानांचे सुटे भाग बनवणारे कारखाने, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, वैद्यकीय आणि तांत्रिक शिक्षणाला येणारी मुले, हा बारमाही प्रवासी बेळगावकडे आहे. कंपनी मार्ग ठरवताना हाच प्रवासी मोजते. सणाला भरलेले आणि एरवी रिकामे असलेले विमान तिला परवडत नाही.

१० मार्च २०२४ रोजी आणखी मोठ्या टर्मिनलची पायाभरणी झाली. इमारत उभी राहीलच. पण तिच्या फलकावर कोणत्या गावांची नावे झळकतील, हे थोडेफार आपल्यावरही आहे. आपल्या संस्थांनी वर्षाला किती माणसे कुठे जातात याची नोंद ठेवावी आणि मागणीबरोबर ती नोंदही कंपन्यांपुढे ठेवावी. शेजारच्या विमानतळाकडे गाडी वळवण्याआधी पेट्रोल, टोल आणि गेलेले अर्धे दिवस तिकिटात मिळवून पाहावेत.

आमच्या पिढीची मुले दूर गेली, ती परत कायमची येतील असा आग्रह आम्ही धरत नाही. मात्र आई-वडिलांच्या दुखण्याखुपण्याला त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोहोचता यावे, एवढी वाट उघडी राहावी. बाप्पा दरवर्षी न चुकता येतो. त्याच्या दर्शनाला आपली माणसेही येत राहोत, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.